लेखाशीर्ष

एकतीस मार्च, रात्रीचे साडेदहा.
दिघ्यात, पत्र्याच्या गोदामावरच्या खोलीत
मी उपयोगिता प्रमाणपत्र भरतेय.
मंजूर खाटा : पंधरा.
दाखल रुग्ण : पंधरा.
मृत्यू : निरंक.

निरंक हा शब्द मला पूर्वी आवडायचा,
नुकताच न्हाऊन आल्यासारखा.
आता लिहिताना पेन जरा अडतं.
केसरीनाथ म्हात्रे इथून गेला तेव्हा जिवंत होता,
मेला तो घणसोलीत, सतरा दिवसांनी, स्वतःच्या ओट्यावर.
साडेबारा टक्क्यांचा प्लॉट विकून आलेला पैसा
आधी विदेशी, मग देशी, मग मिळेल ते,
असा उतरत उतरत संपला होता.
आमच्या रकान्यात तो 'उपचार पूर्ण'.

अनुदानाचा पहिला हप्ता ऑगस्टात आला.
दुसरा वाटेत आहे म्हणतात.
दिल्लीहून निघाला, मंत्रालयात टेकला,
आता ठाण्यात कुणाच्या तरी टेबलावर
पेपरवेटखाली फडफडत असेल.
पुलाखाली पुड्या विकणाऱ्या पोराचा हप्ता मात्र
पाच तारखेच्या आत पोचतो,
जिथे पोचायचा तिथे.
शब्द एकच आहे, त्याला मी काय करू.

फलकासाठी तरतूद आहे.
'नशामुक्त' ही अक्षरं फूटभर उंच हवीत,
फलकासमोर शाळेतली मुलं हवीत, हसरी,
फोटो तीन प्रतींत.
डॉक्टर वाशीहून येतात त्या रिक्षाला तरतूद नाही.
पहिल्या चार रात्री, अंगाला कापरं भरतं तेव्हा
उशाशी बसून राहणाऱ्या गुलाबमावशीला
लेखाशीर्ष नाही.
मी तिला 'किरकोळ'मध्ये टाकते,
आणि किरकोळ फुगलं की
लेखापरीक्षक चष्म्यावरून बघतात.

फेब्रुवारीत गोळ्या संपल्या.
आठ दिवस रोज फोन केले.
नवव्या दिवशी जालिंदर भोईटे उठून गेला,
वय एकोणीस, सुरुवात व्हाइटनरपासून, सातवीत.
जाताना चपलासुद्धा घातल्या नाहीत.
त्याचा बाप माथाडी, कांदा-बटाटा मार्केटात.
आई तिथेच सांडलेला माल वेचते,
दर शनिवारी पिशवीभर कांदे आणून देते.
पोरगं गेल्यावरही आणते.
मी म्हटलं, आता कशाला?
म्हणाली, बाकीचे जेवतात ना.
जमेच्या बाजूला कांद्यांसाठी ओळ नाही.

कार्यक्रम देशव्यापी आहे.
म्हणजे आज रात्री, या घटकेला,
ज्याचं नाव मला धड उच्चारता येणार नाही
अशा एखाद्या जिल्ह्यात
एखादी बाई दिव्याखाली वाकून
निरंक लिहीत असेल,
आणि तिचंही पेन अडत असेल.
आमची कधी भेट होणार नाही.
आमच्या बेरजा वर कुठेतरी भेटतात.

तळाशी छापील ओळ :
अखर्चित रक्कम शासनास परत करावी.
अखर्चित काही नाही, साहेब.
उलट माझेच सहा हजार दोनशे गेलेत,
ते परत कोणाला मागू?

जिन्यावर पावलं.
गुलाबमावशी कडी काढते.
दारात जालिंदर, दोन पायांत दोन वेगळ्या चपला,
ओठ सोललेले, नजर जमिनीत.
"बाई, जागा आहे का?"

मी फॉर्मकडे बघते. शाई वाळलीय.
मंजूर खाटा : पंधरा.
मग उठते, फायलींचं कपाट खांद्याने रेटते,
हातभर, अजून थोडं,
एक चटई मावेल इतकं.
मावशी आतून विचारते, कांदा-भाकर चालेल का त्याला.
तो उत्तर देत नाही.
कोपऱ्यातल्या स्वतःच्या जुन्या चपलांकडे बघतोय.
दीड महिना त्या तिथेच होत्या.
मी त्यांची नोंद कुठे केली नव्हती.